आधी पैसे, मग गाणं

नोव्हेंबर १९८८मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात 'सब पॉप' नावाच्या एका छोट्या लेबलने सात इंची तबकडी काढली. एका बाजूला 'लव्ह बझ', दुसऱ्या बाजूला 'बिग चीज'. प्रती फक्त हजार, प्रत्येकीवर हाताने घातलेला क्रमांक. वर्षाची वर्गणी आगाऊ भरणाऱ्यांना दरमहा एक तबकडी टपालाने पाठवायची, अशी योजना लेबलने आखली होती. 'सिंगल्स क्लब' असं तिचं नाव, आणि ही तिच्यातली पहिली तबकडी. बँड होता निर्वाणा. आसपासच्या काही गावांपलीकडे तेव्हा त्यांना कोणी ओळखत नव्हतं. पुढच्या महिन्यात कोणाचं गाणं घरी येणार, हे वर्गणीदारांना ठाऊक नसायचं. त्यांनी पैसे भरले होते ते लेबलच्या कानावर विश्वास ठेवून.

त्या बँडचं पुढे काय झालं हे जगाला माहीत आहे. क्लबचं काय झालं हे मात्र कमी सांगितलं जातं. १९९०पर्यंत वर्गणीदार दोन हजारांच्या घरात गेले. दोन हजार खात्रीची गिऱ्हाइकं, तीही आधी पैसे मोजलेली; छोट्या लेबलला याहून काय हवं? तरीही १९९१मध्ये सब पॉप दिवाळं निघण्याच्या बेतात होतं. त्यातून ते सावरलं, पण वर्गणीच्या जोरावर नाही. निर्वाणा तोवर मोठ्या कंपनीकडे गेलं होतं आणि त्या सोडचिठ्ठीच्या करारात 'नेव्हरमाइंड' या अल्बमच्या विक्रीतला छोटासा हिस्सा सब पॉपच्या वाट्याला आला होता. तो अल्बम तुफान खपला. १९९३च्या अखेरीस क्लब बंद झाला.

वर्गणी ही नियमित कमाई आहे, असं समजून तिच्यात उतरणारं लेबल फसतं. वर्गणी हे कर्ज आहे. सावकाराऐवजी ते आपल्यावर सर्वाधिक जीव असलेल्या श्रोत्यांकडून घेतलेलं असतं, आणि पैशाऐवजी गाण्याने फेडायचं असतं. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तर पुढच्या बहुतेक अडचणी आधीच दिसू लागतात.

मराठी माणसाला वर्गणी नवी नाही. गणपतीची वर्गणी आपण देतो आणि विसरतो. मासिकाची वर्गणी मात्र दिली की आपण वाट पाहायला लागतो. अंक आला नाही तर पोस्टमनला विचारतो, मग कार्यालयाला लिहितो. आपल्या नियतकालिकांत 'आजीव वर्गणीदार' नावाचाही एक प्रकार आहे. एकदा मोठी रक्कम भरायची आणि जन्मभर अंक घ्यायचा. सुरुवातीच्या वर्षी त्या रकमा हातात पडतात, छापखान्याची देणी फिटतात, सगळ्यांना हायसं वाटतं. नंतर कागद महागतो, टपालखर्च वाढतो आणि वर्गणीदार तर आयुष्यभराचा असतो. लेबलं 'लाइफटाइम' वर्गणी जाहीर करतात तेव्हा नेमकं हेच ओझं डोक्यावर घेतात. हिशेबनीस या बाबतीत स्पष्ट असतो. आगाऊ आलेली वर्गणी तो ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहितो आणि प्रत्येक तबकडी रवाना झाली की तेवढाच भाग उत्पन्नात घेतो. छोट्या लेबलाकडे बहुधा हिशेबनीस नसतो. बँकेत एकच खातं असतं आणि त्यातली रक्कम पाहून मालकाला वाटतं, आपल्याकडे पैसे आहेत.

समजा, पुण्यात दोघांनी मिळून असं एक लेबल काढलं. वर्षाला सहा सीडी, वर्गणी १,८०० रुपये, वर्गणीदार १५०. एकूण जमा २,७०,००० रुपये. स्टुडिओ, मिक्सिंग, मास्टरिंग, मुखपृष्ठ, प्रती काढणं आणि कलाकाराचं मानधन हे सगळं एका सीडीमागे ४०,००० रुपयांत बसवलं, आणि इतक्यात बसवायला बरीच ओढाताण करावी लागेल, तरी सहांचे २,४०,००० गेले. पेमेंट गेटवेने दोन टक्के आणि त्यावरचा जीएसटी घेतला, ते ६,३७२. शिल्लक २३,६२८. आता पाकिटं किती जाणार? १५० घरं, सहा वेळा, म्हणजे ९००. एका पाकिटाला सव्वीस रुपये उरतात, आणि त्यातच पुठ्ठ्याचं वेष्टन, चिकटपट्टी, टपालखर्च आणि हरवलेल्या पाकिटाच्या जागी पाठवायची दुसरी प्रत बसवायची. दोघांच्या कष्टांचा मोबदला या हिशेबात धरलेलाच नाही. कोणी म्हणेल, सीडी नको, गाणी डाउनलोडनेच द्या. तसं केलं की टपाल वाचतं, पण लगेच श्रोत्याच्या मनात एक तुलना सुरू होते. दरमहा थोडक्या रुपयांत स्ट्रीमिंगवर जगातलं संगीत मिळत असताना या सहा अल्बमना १,८०० का द्यायचे? मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो, पण तो विचारला जाणार हे गृहीत धरावं लागतं.

याहून अवघड गणित सवलतीचं आहे. आपल्या प्रकाशनव्यवसायातली प्रकाशनपूर्व सवलत वाचकांना माहीत आहे. तिच्यात दिलेली सूट कामी येते, कारण ती ग्रंथ छापायला भांडवल उभं करते. लेबलची वर्गणी मात्र पहिल्यांदा कोण घेतो? जो एरवीही सहांपैकी पाच सीडी प्रत्येकी ३५० रुपयांना विकत घेत होता तो. त्याने आधी १,७५० दिले असते, आता १,८०० देतो. पन्नास रुपये जास्त आले आणि त्यापोटी एक पूर्ण सीडी अन् एक पाकीट जास्तीचं गेलं. ज्याच्यासाठी वर्गणी खऱ्या अर्थाने फायद्याची ठरली असती, म्हणजे वर्षाला एक-दोनच सीडी घेणारा श्रोता, तो १,८०० पाहून थबकतो. त्यातच, ज्याच्याकडे लेबलच्या सगळ्या जुन्या सीडी आहेत त्याला 'जुना साठा मोफत' ही भेट निरुपयोगी असते. सर्वांत निष्ठावान माणसाला देण्याजोगं लेबलकडे सर्वांत कमी उरतं. म्हणून वर्गणीदारांसाठी काहीतरी वेगळं करावं लागतं. अप्रकाशित मैफल, तालमीचं ध्वनिमुद्रण, गायकाने स्वतः लिहिलेली टिपणं. हे करायलाही वेळ आणि पैसे लागतात, आणि ते वरच्या हिशेबात नाहीत.

गिऱ्हाइकं आधी मोजायची आणि ध्वनिमुद्रण नंतर करायचं, असा उलटा रस्ता १९३१मध्ये लंडनमध्ये शोधला गेला. वॉल्टर लेग हा एचएमव्हीमधला पंचविशीतला तरुण. ह्यूगो वोल्फ या ऑस्ट्रियन रचनाकाराच्या गीतांवर त्याचं वेड्यासारखं प्रेम होतं, पण मंदीच्या दिवसांत असल्या तबकड्या कोण घेणार म्हणून कंपनी तयार नव्हती. लेगने 'ह्यूगो वोल्फ सोसायटी' काढली. पाचशे नावं आणि त्यांचे पैसे आले तर एलेना गेरहार्टच्या आवाजात गीतं मुद्रित करायची, नाहीतर नाही. पाचशे नावं आली. जपानमधूनही बरीच आली, आणि मला ही बाब फार विलक्षण वाटते. इंटरनेट नव्हतं, बोटीने पत्र जायचं, तरी एका ऑस्ट्रियन रचनाकाराच्या गीतांसाठी जपानी श्रोत्यांनी लंडनला पैसे पाठवले. याच पद्धतीने निघालेल्या 'बीथोव्हन सोनाटा सोसायटी'साठी आर्टुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या काळात अ‍ॅबी रोड स्टुडिओत बीथोव्हनचे बत्तीसही पियानो सोनाटा वाजवले. पूर्ण संच मुद्रित होण्याची ती पहिलीच वेळ. आज तो ठेवा मानला जातो. लेगची रीत सुरक्षित होती, कारण तिच्यात काय मिळणार आणि किती मिळणार हे दोन्ही आधी ठरलेलं होतं. बत्तीस सोनाटा लिहून होऊन शंभरावर वर्षं झाली होती.

नव्या संगीताचं तसं नसतं. गायकाला फेब्रुवारीत काही सुचत नाही, ऑगस्टमध्ये तीन गोष्टी एकदम सुचतात. कोणाचा आवाज बसतो, कोणाचा तबलजी दौऱ्यावर जातो. वर्गणीदाराच्या दिनदर्शिकेत मात्र दर दोन महिन्यांनी एक चौकोन रंगवलेला असतो. चौकोन भरण्यासाठी कच्चं काम बाहेर काढलं तर लेबलचं नाव जातं, थांबलं तर शब्द जातो. त्यात कारखान्याचं वेळापत्रक आपल्या हाती नाही. ६ फेब्रुवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. व्हायनलची तबकडी दाबण्याआधी तिच्या खाचा ज्या लॅकरच्या चकतीवर कोरतात, त्या चकत्या जगात मुख्यत: दोनच ठिकाणी बनत होत्या. एक अपोलो, दुसरा जपानमधला. पाठोपाठ महासाथ आली, व्हायनलची मागणी वाढली आणि छोट्या लेबलांच्या तबकड्या महिनोन्महिने रांगेत अडकल्या. ज्यांनी 'दरमहा एक' असं लिहून दिलं होतं, त्यांच्यावर काय गुदरलं असेल याची कल्पना करता येते.

जर्मनीतल्या आइनस्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडने २००२मध्ये या पेचातून वेगळी वाट काढली. कोणत्याही लेबलविना काम करायचं ठरवून त्यांनी चाहत्यांकडून थेट पैसे घेतले, आणि बदल्यात स्टुडिओत कॅमेरे लावून काम चालू असताना ते पाहण्याची सोय दिली. काम पूर्ण झाल्यावर केवळ समर्थकांसाठी अल्बमही निघाला. लोकांनी तयार तबकडीइतकेच ती घडतानाचे पैसे दिले होते, त्यामुळे एखादा दिवस वाया गेला तरी तोही त्यांना मिळालेल्या गोष्टींतच जमा झाला. आपल्याकडच्या घरगुती मैफलीत समोर बसून गाणं घडताना पाहण्याचं जे सुख आहे, त्याच्या हे जवळचं आहे. पण प्रत्येक कलाकाराला हे मानवणार नाही. रियाज करताना कोणी पाहू नये असं वाटणं ही काही खोड नाही, ती कामाची गरज असते.

आता विश्वासाबद्दल. लेबलची वर्गणी आणि एका गायकाची वर्गणी यांत मोठा फरक आहे. स्टीव्ह लॉसनसारखा इंग्रज बेसवादक बँडकॅम्प या ऑनलाइन मंचावर वर्गणीदारांसाठी वर्षाला अनेक अल्बम देतो, पण तिथे पैसे भरणाऱ्याला त्याचाच बेस ऐकायचा असतो. लेबलकडे दहा कलाकार असतात. श्रोत्याला त्यांतले तीन आवडतात, चार माहीत नसतात, उरलेले नकोसे असतात. मग तो दहांसाठी पैसे का देईल? याचं उत्तर आपल्या म्युझिक सर्कलमध्ये आहे. कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबसारख्या शंभराहून अधिक वर्षं जुन्या संस्थेचा सभासद कोणाची मैफल होईल हे विचारून सभासद होत नाही. निवडणाऱ्यांचा कान चांगला आहे एवढं त्याला पुरतं. दोन मैफली आवडल्या नाहीत तरी तो तिसरीला येतो. असा विश्वास जाहिरातीतून येत नाही, तो वर्षानुवर्षांच्या निवडीतून साचतो. म्हणून नुकत्याच निघालेल्या, दोनच अल्बम केलेल्या लेबलने वर्गणी सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दहा-बारा वेगळे काढावेत, लोक नाव पाहून विकत घेऊ लागले की मग विचारावं.

कलाकारांमधली वाटणीही आधीच ठरवावी लागते. १,८०० रुपये सहा कलाकारांत समान वाटायचे, की ज्याचं जास्त डाउनलोड झालं त्याला जास्त? समान वाटलं तर नामवंत गायक कुरकुरतो. डाउनलोडवर वाटलं तर ज्याच्यासाठी लेबल काढलं तो अनोळखी वादक उपाशी राहतो. मला समान वाटणी पटते, कारण वर्गणीदाराने संपूर्ण मालिकेचे पैसे दिलेले असतात. पण करारात ते लिहिलेलं हवं. आणि मूळ रचनाकाराचा हक्क त्याहून वेगळा. निर्वाणाचं 'लव्ह बझ' मुळात डच बँड शॉकिंग ब्लूचं. अमेरिकेत अशा पुनर्मुद्रणासाठी प्रतीमागे ठरलेला दर असतो. २०२३मध्ये तो गाण्यामागे १२ सेंट झाला, म्हणजे हजार प्रतींना १२० डॉलर. भारतात मामला कठीण आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आलेलं ३१ सी कलम सांगतं की, मूळ मुद्रणानंतर पाच वर्षं उलटल्यावरच नवी आवृत्ती काढता येते, आणि ज्या ज्या वर्षी प्रती काढल्या त्या वर्षी किमान ५०,००० प्रतींचं स्वामित्वधन आगाऊ द्यावं लागतं. एखाद्या भाषेतला मर्यादित खप पाहून हा आकडा खाली आणण्याची तरतूद त्याच कलमात आहे. तरी १५० वर्गणीदारांच्या लेबलने एखादं गाजलेलं भावगीत नव्याने गाऊन द्यायचं ठरवलं तर या रस्त्याने जाणं परवडणारं नाही. हक्कदाराला गाठून थेट परवानगी मागावी लागते. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत, पण त्यांना विसाव्या शतकात लावलेली चाल सर्वांची असेलच असं नाही. वर्गणीदाराला 'भेट' म्हणून दिलेल्या गाण्यालाही हे सगळं लागू पडतं.

पैसे गोळा करण्याची वाट सरळ वाटते, पण तिच्यातही खड्डे आहेत. कार्डावरच्या प्रत्येक व्यवहाराला परदेशात टक्केवारीबरोबर काही ठरावीक सेंट लागतात, त्यामुळे लहान रकमांचा मोठा भाग वाटेतच संपतो. डिसेंबर २०१७मध्ये चाहत्यांचे पैसे कलाकारांना पोचवणाऱ्या पॅट्रिऑन या मंचाने हा खर्च देणाऱ्यावर टाकायचं जाहीर केलं. प्रत्येक रकमेवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट. एक डॉलर देणाऱ्याला १.३८ डॉलर पडणार होते. पाच कलाकारांना एकेक डॉलर देणारे लोक भराभर निघून जाऊ लागले आणि आठवडाभरात कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. भारतात १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. कार्डातून आपोआप जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यायची, आणि ५,००० रुपयांच्या वरच्या रकमेला दर वेळी ग्राहकाची संमती घ्यायची. जून २०२२मध्ये ही मर्यादा १५,००० झाली. ग्राहकाच्या दृष्टीने नियम योग्यच आहेत, पण त्या ऑक्टोबरात कितीतरी परदेशी वर्गण्या आपोआप तुटल्या. श्रोत्याने सोडलं नव्हतं, त्याच्या कार्डाने सोडलं होतं. कार्डाची मुदत संपणं, नंबर बदलणं, खात्यात पैसे नसणं, अशी न सांगता होणारी गळती लेबलला दिसायलाही उशीर लागतो. महिन्याला शंभरातले पाच गळाले आणि नवे कोणी आले नाहीत, तर वर्षाअखेरीस चोपन्नच उरतात. मासिक वसुलीपेक्षा वर्षाची एकदम घेतलेली वर्गणी यासाठीच बरी, मग आकडा मोठा दिसला तरी चालेल.

परदेशातल्या मराठी श्रोत्यांसाठी वर्गणी ठेवली की टपालाबरोबर करही येतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५पासून डिजिटल विक्रीवरचा व्हॅट विकणाऱ्याच्या देशाऐवजी ग्राहकाच्या देशाप्रमाणे लागतो. एक डाउनलोड बर्लिनला, एक डब्लिनला, दर वेगळे, नोंदी वेगळ्या. हे काम स्वतः करण्याऐवजी कर भरणाऱ्या एखाद्या मंचाच्या आसऱ्याला जाणं शहाणपणाचं.

पण मंचाचा आसराही कायमचा नसतो. अ‍ॅन आर्बर या अमेरिकी शहरात १९९९ साली सुरू झालेल्या घोस्टली इंटरनॅशनल या लेबलच्या पुढाकाराने 'ड्रिप' नावाची सेवा उभी राहिली. लेबलांच्या वर्गण्या चालवण्यासाठी खुद्द लेबलवाल्यांनी बांधलेली म्हणून अनेकांनी ती आनंदाने घेतली. काही वर्षांनी ती बंद झाली. बँडकॅम्पने २०१४मध्ये वर्गणीची सोय जाहीर केली. डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के घेणारा तो मंच छोट्या लेबलांना आजही सोयीचा आहे. पण २०२२मध्ये तो एपिक गेम्सने घेतला आणि २०२३मध्ये साँगट्रेडरला विकला, तेव्हा जवळपास निम्मे कर्मचारी घरी गेले. आपल्या वर्गणीदारांची नावं, पत्ते, ईमेल आणि कोणाला कितवी तबकडी पोचली याची नोंद लेबलच्या स्वतःच्या वहीत हवी. मंच बंद झाला तरी देणं बंद होत नाही, ते लेबलच्याच डोक्यावर राहतं.

हे देणं हलकं ठेवण्याचा एक उपाय सब पॉपकडूनच शिकता येतो. १९९८ ते २००२ असा क्लबचा दुसरा डाव झाल्यावर, विसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने २००८मध्ये त्यांनी तो पुन्हा उघडला, तोही एका वर्षापुरता. २०१९मध्ये आणखी एकदा उघडला. मधल्या वर्षांत कोणाचंही काही देणं नव्हतं. एका वर्षाची मुदत, तबकड्यांची ठरलेली संख्या आणि निम्म्या तरी आधीच मुद्रित करून ठेवलेल्या, इतकं जमलं तर दोन माणसांचं लेबलही हे पेलू शकतं. महिन्यांची नावं न लिहिता 'वर्षभरात सहा' एवढंच लिहावं. एखादी निघालीच नाही, तर तिच्या वाट्याचे तीनशे रुपये परत करता यावेत म्हणून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात असावी.

आणि शेवटच्या पाकिटात एक चिठ्ठी. आपल्या मासिकांत ती असायची, 'या अंकाबरोबर आपली वर्गणी संपत आहे' अशी, कधी वेष्टनावरच लाल शाईचा शिक्का. ती हातात पडली की वर्षभर काय आलं, काय पुन्हा पुन्हा वाचलं आणि काय तसंच राहिलं, हे आपण आठवायचो. मग मनीऑर्डरचा फॉर्म भरायचो, किंवा नाही भरायचो.